वसुलीची वेळ आणि वसुली करणाऱ्याची वेळ

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा असून, पाळी संपली की काम संपते ही गोष्ट तेथील कामगार कुटुंबांच्या अंगवळणी पडलेली आहे. त्याच घरांतील मुले वित्त-तंत्रज्ञान कंपन्यांत, म्हणजे मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या व हप्ते वसूल करणाऱ्या कंपन्यांत, रुजू होतात तेव्हा मात्र कामाला शेवट उरत नाही. हप्ता किती दिवस थकला यावरून खात्यांचे गट पाडतात, त्यांना ‘बकेट’ म्हणतात. महिनाअखेरीस कोणाच्या बकेटमध्ये किती खाती उरली याचा तक्ता व्हॉट्सॲप गटावर सर्वांदेखत पडतो, आणि तळाच्या नावाला रात्री दहालाही जाब विचारला जातो. ही शिस्त नव्हे, मानहानी आहे.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये थकबाकीसाठी कर्जदाराला सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. पण वसुली करणाऱ्याला त्याच्या वरिष्ठाने कधी फोन करू नये, हे कोणी ठरवले नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट मोबदला आहे, परंतु व्यवस्थापकीय व पर्यवेक्षी पदे त्यातून वगळलेली आहेत. हाताखाली एकही माणूस नसलेला, केवळ पदनामाने ‘मॅनेजर’ असलेला वसुली कर्मचारी खरोखर व्यवस्थापक आहे का, हे कामाच्या स्वरूपावरून ठरायला हवे, तरी नोकरी टिकवू पाहणारा तरुण ते सिद्ध करायला न्यायालयात जात नाही.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खाजगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. राज्याने तरी आता वरिष्ठांच्या फोनवरची ही मर्यादा नियमांत आणावी.