मे महिन्यातलं मिशन

वसईत वाढलेल्या मुलांना मिशन म्हणजे समुद्र ओलांडून जाणं असंच वाटतं. त्याला कारण आमचा संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला हा मुलगा सोळाव्या शतकात, मिसरूडही फुटलेलं नसताना, येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. पुढे तो फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ साली तो संत घोषित झाला. वसईतल्या कॉलेजलाही त्याचं नाव आहे. कॅटेकिझमच्या वर्गात ही गोष्ट ऐकली की आमच्या डोळ्यांपुढे क्रूस यायचा, भाले यायचे, कापलेला कान यायचा. या माणसानं जपानमध्ये रोज उठून काय काम केलं, हे फार पुढे वाचनात आलं. तो दुभाषा होता. पोरवयात कानावर पडून शिकलेली जपानी भाषा त्याच्या गाठीशी होती, म्हणून मनिलाहून जपानला निघालेल्या फ्रान्सिस्कनांना तो हवा होता.

बी.ए.ची परीक्षा झाली तेव्हा आमच्या युवा गटाच्या फादरांनी विचारलं, "उन्हाळाभर एखाद्या मिशन केंद्रावर राहशील का?" मी लगेच हो म्हटलं. घरी सगळ्यांना वाटलं, झारखंड नाहीतर आसाम असेल. मी कसारा म्हणाले तेव्हा आई बघतच राहिली. "कसारा? तिथं तर लोकल जाते!"

लोकल जाते खरी. वसई रोडहून दिव्याची गाडी धरायची. ती कामण, खारबाव, भिवंडी करत जाते. मग कल्याण, आणि तिथून कसारा लोकल. टिटवाळ्यापर्यंत डब्यात उभं राहायला जागा नसते. आसनगाव गेलं की खिडकीजवळ बसता येतं आणि माहुलीचे सुळके दिसायला लागतात. खर्डी, उंबरमाळी, कसारा. पुढे थळ घाट. १८६५ साली रेल्वे हा घाट चढून इगतपुरीला गेली. चढ इतका तीव्र की आजही लांब पल्ल्याच्या गाड्यांना कसाऱ्यात मागून जादा इंजिनं जोडतात. केंद्रावरच्या माझ्या खोलीत रात्रभर त्या इंजिनांची धाप ऐकू यायची.

केंद्र म्हणजे तीन धर्मभगिनी, मुलींचं छोटं वसतिगृह, शिवणवर्ग आणि एक जीप. मोठ्या सिस्टर मंगळूरकडच्या. तीस वर्षं या डोंगरांत काढून त्यांची मराठी इथल्यासारखीच झाली होती, आणि पाड्यावर गेल्या की कातकऱ्यांशी त्या कातकरीतच बोलायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच काम दिलं नाही. म्हणाल्या, "आधी ऐक. बायका विहिरीवर बोलतात, तिथं जाऊन बस."

विहिरीवर बसण्यासाठी पहाटे तीनला उठावं लागायचं. मे महिन्यात पाड्यावरच्या विहिरीचा तळ उघडा पडलेला असतो. रात्रभर झऱ्यातून जे काही पाझरतं ते पहाटेपर्यंत साचतं. जी पहिली येईल तिचा हंडा भरतो. एखादी पोर दोराला धरून आत उतरते आणि वाटीनं पाणी हंड्यात भरते. टँकर आला तर विहिरीतच रिकामा करतात, मग एकच झुंबड उडते. हे शहापूर तालुक्यात घडतं, जिथून मुंबईला पाणी जातं, हे विसरून चालणार नाही. तानसा धरण १८९२ सालचं, पुढे वैतरणेवरची धरणं झाली, मग भातसा. मुंबई जे पाणी पिते त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. धरणाचा निळा विस्तार जिथून दिसतो, त्या डोंगरावरच्या बायका वाटीनं पाणी भरतात.

मला हे बघून राग आला, आणि तो राग मला ओळखीचा होता. आमच्या वसईच्या वाड्यांमधलं पाणी टँकरनं शहराकडे जाऊ लागलं, विहिरी आणि बावखलं खारी व्हायला लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. पप्पा त्या मोर्चांत होते. त्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. पण आता वसईच्या नळाला येणारं पाणी सूर्या प्रकल्पाचं आहे, म्हणजे पालघरच्या आदिवासी भागातलं. ज्यांच्या शेतांसाठी म्हणून ते धरण बांधलं, त्यांच्याकडून आमच्याकडे आलेलं. विहिरीवर बसल्यावर ही दोन्ही पाणी एकमेकांशेजारी ठेवून पाहावीच लागतात.

पाड्यावर एक आजोबा होते. मी कुठली हे विचारून घेतलं आणि म्हणाले, "वसईची? पापडीचा बाजार भरतो का अजून?" मी चकित झाले. तारुण्यात ते बायकोपोरांसह वसईच्या पूर्वेकडे वीटभट्टीवर होते, कित्येक हंगाम. दिवाळीनंतर मुकादम येतो, हातावर उचल ठेवतो आणि सगळं कुटुंब टेम्पोत बसून भट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परततं. हिशेब झाला की बहुतेकदा उचल फिटलेली नसते, मग पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली. उचलीची ही साखळी मात्र अजून पायात आहे. आजोबांना पापडी ठाऊक होती, नायगावची मिठागरं ठाऊक होती, कुठल्या गावात नवी चर्च बांधली तेही ठाऊक होतं. वसईतली निम्मी घरं त्या काळात विटांची झाली. आमचंही झालं. ती माणसं पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे येत होती, आमच्या भिंतीतल्या विटा थापत होती, आणि आमच्या अख्ख्या धर्मग्रामात कुणालाही त्यांच्या पाड्याचं नाव माहीत नव्हतं. मिशन रविवारी आम्ही चर्चच्या आवारात स्टॉल लावतो, केळीच्या घडांचा लिलाव करतो, आणि तो पैसा जगभरातल्या मिशनसाठी जातो. तो जावाच. पण माणसानं माणसाला ओळखणं त्यात येत नाही.

ऐकून झाल्यावर मला मिळालेलं काम म्हणजे फॉर्म भरणं. रेशनकार्ड, आधार, बँकेचं खातं, आणि सगळ्यांत अवघड तो जातीचा दाखला. दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. कातकरी कुटुंबात तेव्हा शाळेत गेलेलं कोण असणार? स्वतःच्या नावावर जमीन नाही. कित्येकांची झोपडी ज्या जागेवर आहे तीही दुसऱ्याची. सरकार ज्या जमातीला अतिअसुरक्षित म्हणून स्वतःच नोंदवतं, त्या जमातीच्या माणसाला आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करता करता मुलांची शाळेची वर्षं निघून जातात. सिस्टरांच्या कपाटात अशा कुटुंबांच्या फायली होत्या, एकेक गठ्ठा पोथीसारखा फडक्यात बांधलेला. माझं अक्षर बरं आहे, म्हणून त्यातल्या बऱ्याच फायली माझ्याकडे आल्या.

एका पाड्यावर बारावी झालेल्या मुलानं सिस्टरांना सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही आमचा धर्म बदलायला येता का?" वातावरण एकदम ताठ झालं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या आजीचा दाखला करायला आलेय. तुला वाचता येतं ना? मग उद्या कचेरीत तूच चल सोबत." तो दुसऱ्या दिवशी आला, आणि नंतरही येत राहिला. हा प्रश्न मला वसईतही विचारला जातो, म्हणून माझं उत्तर इथं स्पष्ट लिहिते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही सक्ती होता कामा नये, हे चर्चनं त्यात स्वतःवरच घालून घेतलेलं बंधन आहे. त्या बायांना पाणी आणि दाखला हवा आहे. तो मिळवून देताना मी प्रार्थना करते, कारण मी ख्रिस्ती आहे. त्याच्या बदल्यात काहीही मागायचं नसतं.

रविवारची मिस्सा केंद्राच्या ओसरीवर व्हायची. आमच्या वसईत सणाच्या मिस्सेला उशीर झाला तर मंडपाबाहेर उभं राहावं लागतं. इथं भाविक ते किती! रेल्वेत नोकरीला असलेलं एक गोवेकर कुटुंब, मल्याळी नर्स आणि तिचा नवरा, कारखान्यात कामाला आलेली छोटानागपूरची चार तरुण मुलं, आणि आम्ही. फादर दोन ठिकाणच्या मिस्सा आटोपून मोटारसायकलवरून यायचे, धुळीनं माखलेले. गाणी मराठीतच. पण छोटानागपूरच्या मुलांनी एकदा ख्रिस्तप्रसादाच्या वेळी त्यांच्या सादरी भाषेतलं गीत म्हटलं आणि पुढच्या रविवारपासून ते आमचं नेहमीचं झालं. एवढ्या थोड्या माणसांत कुणी आलं नाही तर लगेच कळतं. एका रविवारी नर्सताई दिसल्या नाहीत, तेव्हा मिस्सा संपल्यावर सगळेच त्यांच्या घरी गेलो. त्या तापानं पडून होत्या. फादरांनी ख्रिस्तप्रसाद दिला, गोवेकर काकूंनी पेज केली. धर्मग्राम म्हणजे काय, हे मला मोठ्या चर्चपेक्षा या ओसरीवर नीट दिसलं.

मृगाच्या आधी दोन वळीव पडले आणि डोंगर हिरवा व्हायच्या आत शेवळं वर आली. पहाटेच्या लोकलनं बायका शेवळाच्या जुड्या, करवंदं, जांभळं टोपलीत घालून कल्याण-ठाण्याला निघायच्या. मीही त्यांच्याबरोबर एकदा गेले, दिवसभर स्टेशनबाहेर बसले. गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी किती घासाघीस करतं, ते टोपलीच्या या बाजूला बसल्यावर समजतं.

आता जे सांगायचं आहे ते वसईच्या आणि मुंबईच्या युवा गटांना. २०२७ च्या ऑगस्टमध्ये सोलला जागतिक युवा दिन आहे. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं; जगभरचे तरुण एका श्रद्धेनं एकत्र आलेले पाहणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्याआधी कसाऱ्याकडे या, आणि नाताळात येऊ नका. दर डिसेंबरात इथं शहरातून गाड्या येतात, केक येतात, ब्लँकेटं येतात. तेव्हा पाड्यावरच्या निम्म्या घरांना कुलूप असतं, कारण माणसं भट्टीवर असतात. घरात उरतात ती म्हातारी माणसं आणि काही पोरं. सगळे परततात मे महिन्यात. नेमका तेव्हा आपल्याकडे लग्नसराईचा, सणांचा मोसम असतो, हे मला माहीत आहे. तरीही मे महिन्यातच या. चार-पाच जणांनी या, मोठा घोळका नको. दोन आठवडे तरी राहा. एकाला सरकारी फॉर्म भरता यावेत, एकाला मोटारसायकल चालवता यावी. वाटायला काही आणू नका. आणि पहिले काही दिवस विहिरीवर बसून फक्त ऐका.