साखर, सहरी आणि बहात्तर हजार रुपये

रमजानच्या दोन महिने आधी माझी एक जुनी विद्यार्थिनी दूधनाक्यावर घरी आली. मुंब्र्याच्या आमच्या उर्दू शाळेत तिला मी मराठी शिकवलं होतं. आता तिची पीएचडी झालीय, ठाण्याच्या बाजूला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. हातात इंग्रजी संमतीपत्र होतं. "टीचर, हे मराठीत आणि उर्दूत करून द्या. आमच्या बायकांना समजलं पाहिजे."

शुगर असलेल्या चाळीस बायका, रोज्याच्या महिनाभर दिवसातून तीनदा तपासणी. गोळी कधी घेतात, साखर कधी उतरते, एवढंच तिला बघायचं होतं. आम्ही हिशेब केला. छत्तीसशे स्ट्रिप, वीस रुपयांना एक धरली तरी बहात्तर हजार रुपये.

मला हा विषय नवा नव्हता. माझ्या अम्मीला बारा वर्षं शुगर. बोट टोचलं, रक्त आलं की रोजा तुटतो, अशी तिची समजूत. आलिम सांगतात तुटत नाही, पण तिला कोणी विचारू दिलं तर ना! एका इफ्तारच्या आधी ती स्वयंपाकघरातच बसली, घामाने भिजलेली. शेजारच्या मुलाने मशीन आणलं. आकडा चोपन्न. खजूर तिच्या तोंडात मी घातला, अजान व्हायची होती.

या मुलीने एका ठिकाणी अर्ज केला होता. उत्तर आलं, प्राथमिक निष्कर्ष जोडा. निष्कर्षासाठी पैसे हवेत आणि पैशासाठी निष्कर्ष! सरकारी योजना आहेत, नव्या संशोधकांना लाखांत पैसे मिळतात. पण त्यासाठी कायम नोकरी लागते. तासिकावाल्यांनी काय करायचं?

खरं तर मोठी कामं लहान मदतीतूनच उभी राहिली. 1921च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिऑड यांनी बँटिंग नावाच्या एकोणतीस वर्षांच्या डॉक्टरला एक प्रयोगशाळा, काही कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी दिला. जानेवारी 1922मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. आपल्या पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993पासून आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने कमी असली तरी अंगात चरबी राखून असतात, हे त्यातून दिसलं. त्या कामाला लंडनच्या वेलकम ट्रस्टने पैसे दिले. 2023च्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेही दहा कोटींवर आहेत. त्यातले किती रोजा ठेवतात आणि कसा, हे आपल्या गल्लीतल्या मुलीनेच विचारायला नको का?

आपण दान कमी करत नाही. शाळेची फी, मदरसा, रमजानचं राशन, सगळ्याला हात सैल सोडतो. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, ते पैसे त्यांचेच. पण सदक्याला अशी मर्यादा नाही. माणूस गेल्यावरही ज्या इल्मचा फायदा लोकांना होतो, त्याचं पुण्य त्याला पोचत राहतं, हे आपण प्रत्येक जुम्याला ऐकतो. मग एका मुलीच्या स्ट्रिप त्यात का बसत नाहीत?

संमतीपत्र मी करून दिलं. "सहभागी व्यक्तीस माघार घेण्याचा अधिकार राहील" या वाक्याजवळ अडले. शेवटी लिहिलं, "मध्येच नको वाटलं तर सांगा, कोणी रागावणार नाही." त्याखाली तिने आणखी एक ओळ घालायला लावली, बोट टोचल्याने रोजा तुटत नाही.

आमच्या स्टाफरूममधून, मोहल्ल्यातल्या दोन दुकानांतून अठरा हजार जमले. चाळीसऐवजी दहा बायकांवर काम झालं. पुढच्या अर्जाला जोडायला तेवढे निष्कर्ष आहेत.

त्या दहांत पहिलं नाव अम्मीचं होतं. अंगठा नाही, तिने उर्दूत सही केली.