भुलेश्वरचा पांजरपोळ आणि खंड्याचा परवाना

गेल्या माघ महिन्यात आम्हांस मुंबईस जाण्याचा योग आला. योग म्हणावयाचा तो रूढीने. वस्तुतः गिरगावात राहणाऱ्या आमच्या पुतण्याचे बोलावणे आले होते, आणि त्याच्या बोलण्यात काळजीचा सूर होता. त्याच्या सात वर्षांच्या मुलास, म्हणजे आमच्या नातवास, चाळीतल्या कुत्र्याने पोटरीस चावा घेतला होता. "काका, बाळ बरा आहे, पण चाळीत दोन तट पडले आहेत. आपण चार दिवस येऊन राहिलात तर बरे होईल," असे तो म्हणाला. आम्ही त्याच रात्री मिरजेस महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली.

हे कुत्रे कोणाचे असे विचारावे तर कोणाचेच नाही, आणि म्हटले तर सर्वांचे. नाव खंड्या. रंग तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. चार वर्षांपूर्वी भर पावसात ते जिन्याखाली येऊन बसले आणि तेथेच राहिले. आमची सूनबाई त्यास रोज दुपारी पोळीचा तुकडा घालते. त्याच्या एका कानास खाच आहे. ती निर्बीजीकरण झाल्याची खूण, हे आम्हांस तेथे गेल्यावर समजले. त्या दिवशी संध्याकाळी वीज गेली होती. नातू धावत जिना उतरला, त्याचा पाय खंड्याच्या शेपटीवर पडला, आणि खंड्याने जे करावयाचे ते केले.

सूनबाईने मात्र मोठे शहाणपण दाखविले. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. नळाखाली पाय धरून साबणाने पंधरा मिनिटे घड्याळ लावून जखम धुतली आणि तडक रुग्णालय गाठले. तेथे जखमेत प्रतिद्रव्याचे औषध भरून लसीची पहिली मात्रा दिली. पुढच्या मात्रा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आमच्या बालपणी पोटात चौदा इंजेक्शने घेण्याच्या नुसत्या भीतीने माणसे चावा लपवीत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस आपल्या देशात विसाव्या वर्षांहून अधिक काळ झाला, बंद झाली आहे. आता सुई दंडावर टोचतात आणि मूल पाच मिनिटांत रडणे विसरते.

रविवारी चाळीची बैठक भरावयाची होती. एका पक्षाचे म्हणणे असे की, खंड्यास पोत्यात घालून रात्री ठाण्याच्या पलीकडे सोडून यावे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे की, मुलानेच शेपटी तुडविली, त्यात मुक्या जनावराचा काय दोष? आम्ही वयाने वडील आणि पेशाने मास्तर, तेव्हा दोन्ही पक्षांनी आम्हांस मध्यस्थ ठरविले. वाचकांपासून काय लपवावे, आमचे मन पहिल्या पक्षाकडे झुकले होते, आणि त्यास कारण होते.

१९८७ साली आम्ही एका खेड्यातील शाळेत तिसरीचा वर्ग शिकवीत होतो. एके दिवशी एक मुलगा पायास चुना लावून आला. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाला, "गुरुजी, कुत्रं चावलं." आम्ही "आईला दाखवलेस ना?" एवढेच विचारले आणि फळ्याकडे वळलो. घरच्यांनी त्याच्यावर मंत्र घातला होता. सात आठवड्यांनी तो शाळेत यायचा थांबला, आणि पाण्याचा पेला पाहून तो कसा किंचाळतो हे त्याच्या थोरल्या भावाने आम्हांस सांगितले. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय नाही, हे आम्ही नंतर वाचले. लस तालुक्याच्या गावी होती. अंतर अकरा मैल. तो प्रश्न विचारून फळ्याकडे वळल्याची आठवण आम्हांस आजही कुत्रे दिसले की येते. तेव्हा खंड्यासाठी आमच्या अंतःकरणात फारसा ओलावा नव्हता.

बैठकीस दोन दिवस अवकाश होता. रिकामा वेळ म्हणून आम्ही सकाळी पायी निघालो. ठाकूरद्वाराहून सी. पी. टँकवरून माधवबागेत गेलो, लक्ष्मीनारायणाचे दर्शन घेतले, आणि भुलेश्वराच्या गर्दीत शिरून पांजरपोळाच्या दारापाशी पोहोचलो. फुलांचे, बांगड्यांचे, देवांच्या पोशाखांचे बाजार चहूंकडे, मोटारगाड्यांस जावयास जागा नाही, आणि आत मात्र शेकडो गाई निवांत रवंथ करीत उभ्या! दाराशी चाऱ्याच्या पेंढ्या विकावयास ठेवलेल्या असतात. आम्हीही एक घेतली. गाईच्या उबदार श्वासाने हात ओला झाला तेव्हा गिरगावातील तंटा क्षणभर विसरला. मुंबईकर या स्थानाजवळून नित्य जातात, परंतु त्याच्या उगमाशी गाईइतकाच कुत्र्याचाही संबंध आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

ती हकीकत अशी. कंपनी सरकारच्या अमलात मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ सालापासून होता. परंतु तो वर्षातील ठराविक दिवसांपुरता. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. त्या काळी आठ आणे म्हणजे काही थोडे नव्हेत. लोभ सुटल्यावर मोकाट कोणते आणि घरचे कोणते हा विवेक कोण करणार? घरांच्या ओसरीवरून, अंगणांतून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. ६ जून १८३२ हा पारशी लोकांचा पवित्र दिवस. त्या दिवशी कोटात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशी हरताळ. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान दुकानदारांनीही दुकाने बंद ठेविली. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीस जाणारी रसद अडविली गेली. अखेर दंग्याचा कायदा वाचून फौज आणावी लागली, पुष्कळांची धरपकड झाली, आणि काहींना पुढे शिक्षाही झाल्या.

पारशी समाजास कुत्र्याची एवढी आस्था का? त्यांच्या धर्मात मृत देहास कुत्र्याची दृष्टी घडविण्याचा 'सगदीद' नावाचा विधी आहे, आणि परलोकाच्या चिन्वत सेतूवर कुत्रे राखण करितात अशी श्रद्धा आहे. या विधीस डोळ्यांवर दोन ठिपके असलेले, म्हणजे 'चार डोळ्यांचे' कुत्रे विशेष योग्य मानतात. हे वाचून आम्ही चमकलो. कारण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर जे दोन श्वान बसलेले आहेत, त्यांसही 'चतुरक्ष' असेच विशेषण आहे. दोन शाखांनी एक जुनी स्मृती जपली, ती अशी मुंबईच्या कोटात दंग्याच्या रूपाने उफाळून आली!

दंग्यानंतर अर्ज-विनंत्या झाल्या. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत, अशी तडजोड सरकारने मानली. या मध्यस्थीत जमशेटजी जीजीभाई पुढे होते. त्यांस 'सर' हा किताब दहा वर्षांनी, १८४२ साली मिळाला. आणि मग १८३४ साली जमशेटजी व जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने हा भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. एक पारशी, एक जैन. दोघांचे धर्म निराळे, दया एक.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबई महापालिकेने पुढे दीर्घकाळ मोकाट कुत्री मारण्याचाच क्रम चालविला. त्याने कुत्री कमी झाली म्हणावे तर तसेही नाही. एका गल्लीतील कुत्री नाहीशी झाली की शेजारच्या गल्लीतील त्या उकिरड्याचा ताबा घेत. १९९४च्या सुमारास पालिकेने ती रीत सोडून निर्बीजीकरणाची वाट धरली. २००१ साली सर्व देशासाठी तसे नियम झाले, आणि १० मार्च २०२३ रोजी त्यांच्या जागी नवे नियम आले. कुत्रे पकडावे, शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस टोचावी, कानास खूण करावी, आणि जेथून आणले तेथेच सोडावे, असा त्यांचा सारांश. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीच्या बाबतीत कुत्री कायमची कोंडून ठेवण्याचा आदेश दिला, तो २२ ऑगस्टला सौम्य केला. पिसाळलेली वा चावरी कुत्री मात्र परत सोडू नयेत असे सांगितले. ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलविण्याचा आदेश झाला. शाळेचे नाव ऐकून आम्हांस तो चुना लावलेला पाय आठवला, आणि हे आधीच का झाले नाही असे वाटले. परंतु चाळीचा जिना ही शाळा नव्हे. तेथून कुत्रे पोत्यात घालून ठाण्यास नेणे हे नियमातही बसत नाही आणि शहाणपणातही. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावयाची असते. ते धडधाकट राहिले तर पुष्कळ भीती टळते. त्यास पळवून लावले म्हणजे ही खात्री करून घेण्याची सोयच गेली.

परतताना मनात महाभारताचा आरंभ घोळत होता. जनमेजयाच्या सत्रात सरमेचा मुलगा, म्हणजे एक कुत्रा, सहज येऊन उभा राहिला. राजाच्या तिघा भावांनी त्यास बडविले. सरमा आली आणि तिने विचारले की, याने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्यास चाटले नाही, मग यास का मारिले? कोणी उत्तर दिले नाही, आणि तिने शाप दिला. एवढ्या थोर ग्रंथाच्या अगदी आरंभीच्या प्रकरणात एका कुत्रीची फिर्याद नोंदलेली आहे! आणि शेवटी युधिष्ठिराबरोबर पुन्हा कुत्राच. स्वर्गात कुत्रेवाल्यांस जागा नाही, हे इंद्राने त्यास स्पष्ट बजाविले होते. आमचा पुतण्या म्हणतो, "काका, म्हणजे ती स्वर्गातली सोसायटीच की!"

पण आमच्या कामास आले ते याज्ञवल्क्य. दात असलेल्या वा शिंगे असलेल्या जनावराच्या तावडीतून, सामर्थ्य असूनही जो मालक माणसास सोडवीत नाही, त्यास दंड. आणि त्या माणसाने आरोळी मारूनही सोडविले नाही, तर दुप्पट दंड. आजच्या भारतीय न्याय संहितेचे २९१वे कलम याच जातीचे आहे: आपल्या ताब्यातील जनावराविषयी हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. दोन्हीकडे प्रश्न कुत्र्याच्या दोषाचा नसून धन्याच्या जबाबदारीचा आहे. आणि खंड्यास धनीच नव्हता. पोळी सर्वांनी घालावयाची, आणि चावला की कोणाचाच नाही, हीच खरी मेख.

रविवारी आम्ही बैठकीत एवढेच म्हणालो की, ज्यास खंड्या चाळीत हवा असेल त्याने त्याचा परवाना काढावा. कोणी काढत नसेल तर दयेची भाषा बंद करावी. क्षणभर सारे गप्प. मग दाराआडून सूनबाई म्हणाली, "काका, माझ्या नावावर काढते." पुतण्याने तिच्याकडे असे काही पाहिले की ते लिहिण्यासारखे नाही. ज्याच्या मुलास चावले त्याच घराने कुत्रे घ्यावे! घरी रात्री दोघांचे बरेच बोलणे झाले. आम्ही कूस बदलून पडलो होतो, परंतु झोप नव्हती. "उद्या पुन्हा चावला तर?" हे पुतण्याचे वाक्य तीनदा ऐकू आले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हणूनच तो साखळीला हवा, आणि साखळी आपल्या हातात हवी."

परवान्याच्या कचेरीत आम्हीही बरोबर गेलो. रेबीजच्या लसीचा दाखला, राहत्या जागेचा पुरावा, हे सारे होते. कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहून विचारले, "जात कोणती?" आमच्या तोंडून नकळत गोत्र निघणार होते, पण प्रश्न खंड्याविषयी होता. "गावठी," सूनबाई म्हणाली. तो रकाना भरण्यावाचून राहिला म्हणून आम्हांस एकदा परत पाठविले होते, हा दुसरा फेरा. पाणिनीने कुत्रा, तरुण आणि इंद्र या तिघांस एकाच सूत्रात गुंफले. तेथे जातीचा रकाना नव्हता. पैसे भरले, पावती मिळाली. परवाना वर्षाचा, दर वर्षी लस टोचून नवा करून घ्यावयाचा.

जिन्याखालची जागा बदलून खंड्यास आता अंगणातील नळाच्या मागे पोते घालून दिले आहे. रात्री साखळी. जिन्यात विजेचा दिवा गेला तरी जळेल असा एक बॅटरीचा दिवा विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याने स्वखर्चाने आणून लाविला. दहावा दिवस उलटला. खंड्या धडधाकट होता.

आम्ही निघालो त्या संध्याकाळी पुतण्या खंड्याच्या गळ्यात पट्टा बांधीत होता, आणि त्यावरचा पत्र्याचा बिल्ला अडकवावयास त्यास जमेना. नातू तिसऱ्या पायरीवर उभा होता. त्याखाली तो अद्याप एकटा उतरत नाही. "आजोबा, त्याचा नंबर काय आहे?" त्याने तेथूनच विचारले. आम्ही चष्मा पुसून आकडे वाचून दाखविले. तो ते बोटांवर मोजीत दुसऱ्या पायरीवर आला, आणि पुन्हा वर गेला.