आधी बियाणं विचारा

राहीबाई पोपेरे पडद्यावर दिसल्या की सूत्रसंचालकाचा पहिला प्रश्न काय येतो, याकडे माझे कान असतात. बरेचदा तो शाळेचाच असतो. शाळेची पायरी चढला नाहीत आणि पद्मश्री मिळाली, कसं वाटतं? मग नातवाच्या आजारपणाची गोष्ट, मग टाळ्या. ज्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ते काम शेवटच्या दोन मिनिटांत उरकतं.

मी नगरला स्थानिक वाहिनीवर मुलाखती घेते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच आहे. पाहुण्याला आधी त्याच्या जाणकारीत नेऊन बसवावं, हे माझं ठाम मत. त्याचे हाल त्याला सांगायचे असतील तर तो आपणहून सांगेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला राहीबाईंनी गावठी वाणांची बियाणं बँक उभी केली. मग त्यांना बियाणं विचारा ना! वालाची शेंग बियाण्याला राखायची तर वेलाच्या कुठल्या अंगाची? राख कुठल्या लाकडाची? गाडग्याचं तोंड कशानं लिंपायचं? बियाणं नेलेल्याचं पीकच बुडालं, तर परतफेडीचं काय करता? असा प्रश्न पडला की बोलणाऱ्याचे हात हलू लागतात, माप ओंजळीनं दाखवलं जातं. कॅमेरामननं तेव्हा चेहरा सोडून हातांवर यावं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे ‘आमची माती, आमची माणसं’मध्ये शेतीवर बोलायला शेतकरी यायचे. आज शेतकरी वाहिनीवर दिसतो तो बहुतेकदा गारपिटीनं झोपलेल्या पिकाशेजारी, पुढ्यात माइक धरलेला. त्याला काय येतं हे विचारायला कुणाला सवड नसते.

२०११ मध्ये अण्णा हजारेंच्या उपोषणांनी देश ढवळला, तेव्हा त्यांच्या गावी, राळेगणसिद्धीतही ओबी व्हॅन येऊन उभ्या राहिल्या. प्रश्न दिल्लीचे होते. बातमीदारानं ते विचारायलाच हवेत, त्याचं ते काम. पण निवांत मुलाखतीला बसणाऱ्यानं तरी त्या गावातले १९७५ पासूनचे नालाबांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांत शिरायला हवं.

हिवरे बाजारचं उलटं होतं. तिथे कौतुकच आडवं येतं. पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवायचा आणि त्यावर पिकं ठरवायची, ही तिथली रीत. उसाला मनाई, शेतीसाठी बोअरवेल नाही. हे ऐकून सूत्रसंचालक मान डोलावतो आणि पुढे सरकतो. मला विचारावंसं वाटतं, पाऊस दगा देतो त्या वर्षी ग्रामसभेत पहिला आवाज कोण चढवतं आणि त्याची समजूत कशी काढता? पाहुण्याला जड प्रश्न विचारणं हाही त्याचा मान ठेवणंच आहे.

पुढारी समोर असला तर हे फारच जपावं लागतं. ‘साहेब, साहेब’ करत अर्धा तास घालवला तर बघणाऱ्यांचा अपमान होतो. दुधाच्या भावाचा प्रश्न विचारला आणि उत्तर रस्त्यांच्या कामांवर आलं, तर तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारावा. आवाज चढवला की त्यांना निसटायला वाट मिळते. चौकटी-चौकटींतून एकमेकांवर ओरडणाऱ्या चर्चांत नेमकं हेच होतं. उत्तर न देताही सगळे सुटतात.

आता स्टुडिओतलं. लुगडं नेसून आलेल्या बाईंना कॉलर माइक लावायचा तर कॉलर असते कुठे? पदराला चिमटा लावला की पदर सावरताना माइक खरखरतो, आणि बाई बोलणं सोडून पदरच धरून बसतात. आमच्याकडे हे काम एक मुलगीच करते. आधी विचारते, वायर पदराखालून घेते, माइक खांद्याजवळ लावते आणि सावरायचं कसं ते एकदा करून दाखवते. फिरती उंच खुर्चीही नको. पाय अधांतरी असलेलं माणूस मोकळं बोलत नाही. साधी, चार पायांची आणा. एसी कमी करा. आणि बोलणं थांबलं म्हणजे उत्तर संपलं, असं धरू नका. कानात टॉकबॅकवर ‘पुढचा घ्या, पुढचा घ्या’ चाललेलं असतं, तरी चार श्वास थांबावं. खरं ते बरेचदा त्यानंतर येतं.

डोळ्यांत पाणी आलं तर? आलं तर आलं. पण ते यावं म्हणून गेलेल्या मुलाचा फोटो मागच्या पडद्यावर अचानक लावणं, मागे बासरी सोडणं, हे मला अजिबात मान्य नाही. पाहुणा आपल्या भरवशावर तालुक्याहून एसटीनं आलेला असतो. उद्या त्याला त्याच गावात, त्याच पारावर बसायचं असतं. म्हणून रेकॉर्डिंग संपलं की चहा देतानाच मी त्याला सांगते, प्रोमोत तुमचं हे वाक्य घेणार आहोत, चालेल ना? कुणी म्हणतं, ‘सुनेचं तेवढं काढा.’ प्रोमो कापणारा कुरकुरतो, कारण त्याला तेच हवं असतं. ते वाक्य काढायचं. प्रोमोतून आणि मुलाखतीतूनही.