राजीनाम्याआधी

नाशिक रोड,
रविवार

प्रिय चिऊ,



तुझं पत्र परवा मिळालं. डिसेंबरअखेर राजीनामा द्यायचा, घरी बसून लॉच्या सीईटीचा अभ्यास करायचा, आणि तुझ्या वडिलांना, म्हणजे दादाला, यातलं काहीच अजून सांगितलेलं नाही. म्हणून आधी आत्याला विचारते आहेस. बरं केलंस. माझं मत सरळच लिहिते : सीईटीसाठी नोकरी सोडू नकोस. सोडायची वेळ येईल ती नंतर, आणि तेव्हा कदाचित मीच तुला सोड म्हणेन.

आमच्या वेळी ही परीक्षा नव्हती. पदवीच्या गुणांवर प्रवेश मिळायचा. राज्याची लॉ सीईटी २०१६ पासून सुरू झाली. तीन वर्षांच्या एलएलबीचा पेपर दोन तासांचा, कॉम्प्युटरवर, सगळे प्रश्न पर्यायांचे, इंग्रजी आणि मराठी दोन्हीत. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कायद्याची समज, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे चार भाग. वयाची अट नाही, म्हणजे यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी दार बंद होत नाही. अशा परीक्षेला पगार सोडून दिवसाचे दहा तास लागत नाहीत. लागतो तो रोजचा दीड-दोन तासांचा नेम, न मोडणारा. आणि दादाच्या निवृत्तीनंतर घराचा हप्ता तुझ्या पगारातून जातो. पगार थांबला की तू पुस्तक उघडून बसशील, पण डोक्यात हप्ताच असेल.

दुसरी गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. तू अकाउंट्समध्ये आहेस. दिवसभर तुझ्या टेबलावरून जे कागद जातात त्यात अर्धा कायदाच आहे. सप्लायरचं कोटेशन येतं, तुम्ही पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढता, सप्लायर ती मान्य असल्याची मेल करतो. कोटेशन हा बहुतेक वेळा प्रस्ताव नसतो, प्रस्तावाला दिलेलं आमंत्रण असतं. तुमचा पीओ हा प्रस्ताव, त्याची मेल ही स्वीकृती, आणि तिथे करार झाला. १८७२चा करार कायदा हाच आहे. एखाद्या पार्टीचा चेक परत आला की साहेब तुला घाई करायला सांगतात ना? कारण चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि तरी भरले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. चेकच्या कायद्याचं कलम १३८. क्लासमध्ये मुलं हे घोकून पाठ करतात, तुझ्या ड्रॉवरमध्ये त्याची फाइल आहे. कायद्याच्या भागात एक नियम देतात, एक प्रसंग देतात आणि निर्णय विचारतात. तिथे ज्याने खरे व्यवहार पाहिलेत तो लवकर उत्तराशी पोचतो. रोज जेवणाच्या सुट्टीत टेबलावरचा एक कागद घे आणि यात कोणाला कोणता हक्क मिळाला, कोणावर काय जबाबदारी आली, हे चार ओळींत लिहून काढ. मला फोटो पाठव, मी रात्री तपासून देईन.

इंग्रजीची भीती तू दोनदा लिहिली आहेस. ती मला समजते, आपण दोघी मराठी शाळेतल्या. पण बघ, चार भागांत सर्वांत मोठा वाटा इंग्रजीचा, पेपरचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ज्याची भीती वाटते त्यालाच पहाटेची वेळ द्यायची. उतारा वाचून प्रश्न सोडवणं, शब्दांचे अर्थ, वाक्यातल्या चुका, एवढंच असतं. सकाळी साडेपाच ते सात फक्त हे. कंपनीच्या बसमध्ये इंग्रजी पेपरातली कोर्टाची एक बातमी वाच, तिथेच चालू घडामोडीही होतात. रात्री थकून आल्यावर नवं काही घेऊ नकोस, तर्काची पाच-दहा गणितं सोडव आणि झोप.

जुनी पुस्तकं विकत घेताना सांभाळ. १ जुलै २०२४ पासून १८६०ची दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८मध्ये आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळणाऱ्या गाईडमध्ये जुने आकडेच असतील. राज्यघटना मात्र मूळ मजकुरातूनच वाच, कलम १४, १९, २१ आणि ३२ नीट, मराठीत वाचलीस तरी चालेल.

परीक्षा कधी मार्चमध्ये होते, कधी मेच्या सुरुवातीला. मार्च म्हणजे तुमचं इयर एंड. जीएसटीच्या ११ आणि २० तारखा तर दर महिन्याच्या. म्हणून रजेचा अर्ज तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात, लेखी दे. शिल्लक रजा दिवाळीत उडवू नकोस.

आता खरा अवघड भाग, ज्याचं तुझ्या पत्रात नावही नाही. एलएलबी हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते, आणि वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ यांच्या आतच घ्यायचे असतात. मी शिकले तेव्हाच्या वर्गांच्या वेळा आता धरून चालणार नाहीत. घरबसल्या पत्राने एलएलबी करून सनद मिळत नाही, कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. हजेरीचं आम्ही बघून घेऊ, असं सांगणारेही भेटतील. त्यांच्या नादाला लागू नकोस. वर्गात न बसता मिळालेली पदवी घेऊन कोर्टात उभी राहिलेली मुलं मी रोज पाहते. त्यांच्या पक्षकारांचं होणारं नुकसान मला सहन होत नाही. सनद घेतल्यावर पगारी पूर्णवेळ नोकरी करत वकिली करता येत नाही, हाही नियम आहे. तेव्हा नोकरी कधीतरी सुटणार हे नक्की. प्रश्न फक्त कोणत्या महिन्यात, आणि तोवर हाताशी किती पैसे असतील.

पुण्याच्या आयएलएसचं तुझं स्वप्न मला ठाऊक आहे. १९२४पासूनचं कॉलेज, टेकडीच्या पायथ्याशी, कोणालाही मोह पडावा. पण पुणे म्हणजे नोकरी पहिल्या दिवशीच गेली, वर खोलीचं भाडं. नाशिकमध्ये सकाळचे वर्ग असणारं कॉलेज मिळालं आणि कंपनीने दुसऱ्या पाळीत किंवा अर्धवेळ घेतलं, तर काही काळ दोन्ही चालेल. प्रवेश फेरीत पसंतीक्रम भरताना हे आधी मांडावं लागेल. त्याआधी त्या कॉलेजांत स्वतः जा, वर्ग किती वाजता सुरू होतात आणि हजेरी कशी घेतात ते तिथल्या मुलांना विचार.

पुढच्या रविवारी जेवायलाच ये. नेमणूकपत्राची झेरॉक्स आण, नोटीस पिरियडचं आणि पाळी बदलण्याचं कलम बघायचं आहे. बँकेच्या पासबुकाचं शेवटचं पानही आण, म्हणजे किती महिने पगाराशिवाय निभेल याचा हिशेब मांडता येईल. आणि तोवर दादाला सांग. तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार नाही, पण तीन वर्षं त्याच्याच घरातून पहाटे उठून जायचं आहे तुला.

तुझी,
आत्या