आडव्या आठाची दुरुस्ती

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरचे जुने कॅमेरे खाली येतात आणि त्यांतले काही माझ्या टेबलावर पोचतात. चामड्याचं कव्हर तडकलेलं, आत डांबरगोळीचा वास आणि सोबत ठरलेली तक्रार : “बाबांचा आहे. फोकस होत नाही. बघता का?” बघतो. तीस वर्षं हेच बघतोय. हल्ली बऱ्याच जणांनी आधी घरी स्क्रूड्रायव्हर चालवून पाहिलेला असतो. त्याबद्दल मी कुणाला रागावत नाही, कारण हे काम घरी करण्याजोगं आहे. मात्र लेन्स उघडायच्या आधी नेमकं काय बिघडलंय ते ठरवायला हवं, आणि चुकतं ते तिथेच.

रिंगच फिरत नाही का? फिरते, पण लांबचं स्पष्ट दिसत नाही? दिसतं, पण रिंगवरचा आकडा भलताच असतो? की जवळ-लांब कुठेच धार येत नाही? रिंग अडते तेव्हा वंगण वाळलेलं असतं. लांबचं दिसत नाही किंवा आकडा चुकतो, तेव्हा कुठेतरी अंतर बदललेलं असतं. कुठेच धार येत नसेल तर बहुतेक वेळा कुणीतरी एखादी काच उलटी बसवलेली असते. बुरशीनं चित्र धुरकटतं, पण फोकसची जागा हलत नाही. काच आपणहून बिघडली आणि म्हणून फोकस गेला, असं माझ्या टेबलावर जवळजवळ कधीच आलेलं नाही.

उदाहरणाला हेलिओस ४४-२ घेऊ. ५८ मिलिमीटरची, एफ २ ची ही सोव्हिएत लेन्स झेनिट कॅमेऱ्यांवर यायची. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ती बनायची. रचना जर्मनीच्या कार्ल झाइसच्या बायोटारवर बेतलेली, सहा काचा चार गटांत. शिकणाऱ्याच्या हाताला इतकी सोशिक लेन्स दुसरी नाही. कॅमेऱ्याला ती ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांनी बसते, आणि ती टेकते तिथून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर असावं लागतं.

यातले दशांश किती मोलाचे आहेत ते सांगतो. लेन्स ०.१ मिलिमीटरनं, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीनं, पुढे राहिली असं समजा. ५८ चा वर्ग केला आणि ०.१ नं भागला की येतात ३३,६४० मिलिमीटर. म्हणजे रिंग अनंताच्या खुणेला, त्या आडव्या आठाला टेकवली तरी फोकस ३४ मीटरच्या आसपास अडकून राहतो. समोरच्या इमारतीची गॅलरी लख्ख दिसते आणि तिच्यामागचा डोंगर मऊ. छिद्र एफ ८ वर असेल तर हा दोष झाकला जातो, म्हणून तपासणी नेहमी छिद्र पूर्ण उघडून, एफ २ वर करायची.

तपासणीला घरातला फिल्मचा कॅमेरा पुरतो. मागचं झाकण उघडा, फिल्म जिथून सरकते त्या दोन पट्ट्यांवर दुधाळ चिकटपट्टी ताणून लावा, शटर बी वर उघडं धरा. त्या पट्टीवर बाहेरचं दृश्य उलटं उमटतं. ते भिंगातून बघायचं. पुण्यात माझा अनंत ठरलेला आहे : गच्चीवरून दिसणारा सिंहगडावरचा टीव्ही टॉवर. रिंग आडव्या आठावर असताना टॉवरची कड पट्टीवर तुटक, धारदार उमटली तर लेन्स ठीक. रिंग थोडी मागे आणल्यावर धार येत असेल तर लेन्स अनंताच्या पलीकडे जातेय. धार येण्याआधीच रिंग टेकत असेल तर ती अनंतापर्यंत पोचतच नाही.

टॉवर दिसत नसेल तर दुसरा उपाय आहे आणि तो मला जास्त आवडतो. त्याच चिकटपट्टीवर सुईनं बारीक फुली ओढा, मागून टॉर्च धरा, आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावर, ज्याचा अनंत नक्की बरोबर आहे अशी १३५ मिलिमीटरची लेन्स अनंतावर लावून, पहिल्या लेन्सच्या पुढून आत बघा. ती फुली रेखीव दिसली तर दोन्ही लेन्स एकाच अनंतावर आहेत. सगळी तपासणी टेबलावर, रात्री, पंखा बंद करून होते.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर जुनी लेन्स लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे मध्ये अॅडाप्टर येतो. फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर हवेत आणि सोनीच्या ई माउंटचं अंतर १८, म्हणजे अॅडाप्टर २७.४६ मिलिमीटरचा असायला हवा. स्वस्तातले अॅडाप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, म्हणजे अनंत हमखास सापडतो. फक्त तो खुणेच्या आधी सापडतो. अशा वेळी लेन्सला हात लावू नका, तिचा काही दोष नाही.

दोष लेन्समध्येच आहे अशी खात्री झाली की हेलिओसचं काम सोपं आहे. फोकसच्या रिंगवर कडेनं तीन बारीक बिनडोक्याचे स्क्रू असतात. घड्याळजीच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरनं ते थोडेसेच ढिले करा, काढू नका. वार्निशनं धरले असतील तर अॅसिटोनचा एक थेंब सुईच्या टोकानं सोडा आणि पाच मिनिटं थांबा. रिंग आतल्या भागापासून सुटी झाली की आतला भाग फिरवून टॉवर धारेवर आणा, तो तसाच धरून रिंग आडव्या आठावर न्या, आणि तिन्ही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. एकच आधी पूर्ण आवळला तर रिंग सरकते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. जपानी लेन्सवर फुलीचे स्क्रू असतात, पण ते जपानी मापाचे. आपल्याकडचा नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, निसटतो आणि डोकं खातो. जपानी टोकाचा ड्रायव्हर मागवा, तोवर लेन्स बाजूला ठेवा.

आता घट्ट रिंगेकडे येतो, कारण सर्वांत जास्त नासाडी इथे होते. रिंगेखाली मळसूत्री आट्यांची नळकांडी एकात एक बसलेली असतात. त्यांच्यातल्या वंगणातलं तेल वर्षानुवर्षं पाझरत जातं आणि मागे मेणासारखा चिवट गोळा उरतो. लोक त्यावर शिलाई मशिनचं तेल सोडतात. आठवडाभर रिंग लोण्यासारखी फिरते. मग तेच तेल छिद्राच्या पात्यांवर चढतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. फोकस दुरुस्त करायला गेलेला माणूस छिद्रही घालवून बसतो. कृपा करून तेल सोडू नका.

जुनं वंगण पूर्ण काढणं हाच खरा उपाय, आणि त्यासाठी आटे सोडवावे लागतात. मी शिकलो मुंबईत, फोर्टच्या बोरा बाजारात. पहिल्यांदा लेन्स सोडवली तेव्हा नळकांडं फिरवत गेलो आणि ते अलगद हातात आलं. कुठे सुटलं ते पाहिलंच नाही. या आट्यांना सुरुवातीची तोंडं अनेक असतात, त्या लेन्सला सहा होती. चुकीच्या तोंडातूनही नळकांडं तितक्याच सुबकपणे आत जातं, पण अनंत भलतीकडेच येतो. दुकान बंद होईपर्यंत मी एकेक तोंड लावून पाहत होतो. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तीच लेन्स पुन्हा उघडायला लावली आणि हातात शिवणाची सुई दिली. रिंग अनंतावर असताना दोन्ही भागांवरून एक ओरखडा, आणि आटे ज्या क्षणी सुटतात तिथे दुसरा. नळकांडं दोन्ही हातांत हलकं ओढत, अगदी सावकाश फिरवायचं. सुटण्याचा क्षण बोटांना टिचकीसारखा कळतो. आज फोनवर फोटो काढता येतात, तेही काढाच, पण ओरखड्याला पर्याय नाही.

आटे लायटरच्या पेट्रोलनं, जुन्या टूथब्रशनं धुवायचे. खिडकी उघडी, जवळ दिवा-उदबत्ती नको. कापूस काळा निघायचा थांबला की नवं वंगण : लेन्ससाठी मिळणारं दाट ग्रीस, आट्यांच्या तळाला ओलसर चकाकी येईल एवढंच. अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम कोरडं फिरलं तर आटे एकमेकांना धरतात, म्हणून अजिबात न लावणंही चालत नाही. मग रिंग घट्टही नाही आणि सैलही नाही अशी फिरते. हात काढला की तिथेच थांबते. ती चाल बोटांना जाणवली की मला अजूनही समाधान वाटतं.

उलट्या काचेचं थोडक्यात. काच काढण्याआधी तिच्या कडेला पेन्सिलनं बाणाची खूण करा. खूण राहून गेली असेल तर दोन्ही बाजूंनी बल्बचं प्रतिबिंब बघा. जास्त फुगीर बाजूला ते लहान दिसतं, आणि खोलगट बाजूला उलटं. हेलिओसची पुढची काच काही छायाचित्रकार मुद्दाम उलटी बसवतात, कडेचं चित्र विरघळल्यासारखं दिसावं म्हणून. जुन्या बाजारातून आणलेली हेलिओस काही केल्या धार धरत नसेल, तर आधी ती काच तपासा.

लेन्स उघडायची तर दिवाळी ते होळी एवढाच काळ मी योग्य मानतो. पावसाळ्यातली दमट हवा काचांमध्ये कोंडून ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. हेलिओसपासून सुरुवात करा, बाबांच्या एकुलत्या एका लेन्सपासून करू नका. आणि मध्येच अडलात तर जोर लावू नका. निघाले त्याच क्रमानं सुटे भाग डबीत ठेवून एखाद्या जाणत्या कारागिराकडे न्या. काही लेन्सच्या काचांच्या गटाखाली कागदाएवढे पातळ वॉशर असतात आणि अनंत त्यांच्यावरच उभा असतो. त्यांतला एकही घरी राहू देऊ नका.