उचल

१९९५ चा जून. दहावीचा निकाल लागलेला आणि पेरणी तोंडावर आलेली, त्यामुळे आमच्या घरी कॉलेजची चर्चा व्हायची ती उभ्याउभ्याच. आमची माकणी तेव्हा उमरगा तालुक्यात होती. लोहारा तालुका व्हायला अजून अवकाश होता. उमरग्याला कॉलेज होतं. सकाळच्या एसटीनं गेलेली पोरगी संध्याकाळी घरी. एवढं सोपं सोडून लातूरचं खूळ कशाला, असं चुलत्यांचं म्हणणं. गुरुजी मात्र लातूरवर अडून बसलेले. शाहू आणि दयानंद कॉलेजची नावं गुणवत्ता यादीत झळकत होती आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आमच्या पारावरही येऊन पोचला होता.

आण्णा, माझे वडील, सातवीपर्यंत शिकलेले. त्यांना लातूर ठाऊक होतं ते तुरीमुळं. वर्षानुवर्षं एकाच आडतीवर माल घालायचे.

मला घेऊन ते उमरगा आणि लातूर, दोन्हीकडं गेले. ऑफिसात फारसं बोललेच नाहीत. गेटवरच्या शिपायाला मात्र बाजूला घेऊन विचारलं, “मास्तर तासाला येत्यात, का समदं शिकवणीवरच?” मुलींच्या वसतिगृहात नळाची तोटी सोडून ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. बाथरूमच्या दाराची कडी आतून लावून पाहिली. मी लाजून लाल. आज वाटतं, प्रवेशाच्या माहितीपुस्तकात त्या कडीबद्दल एक ओळही नसते.

परतीच्या एसटीत त्यांनी एकच विचारलं, “रातच्याला चारला काय झालं, तर कुणाचं दार वाजवशील?”

चारच का, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं झोपलेली आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर भुईसपाट झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार, झोपलेल्यांना उठायला सवडच मिळाली नाही. आमच्या माकणीच्या धरणामुळंच हे झालं, असं लोक म्हणत. तज्ज्ञांतही त्यावर वाद झाले. आण्णा सास्तूरला ढिगारे उपसायला गेले होते. तिथं काय पाहिलं, ते घरी कधी बोलले नाहीत.

लातूरला वाजवायला दार होतं, ते आडत्याचं. आण्णांनी त्यांच्यापुढं विषय काढला तेव्हा आतून त्यांची बायको, काकूच, बाहेर आल्या. म्हणाल्या, “दर रविवारी जेवायला इकडं यायचं. आजारी पडली तर कॉटवर पडून राहायचं न्हाई, इथं यायचं.” फी आणि वसतिगृहाचे पैसे आडत्यानं उचल म्हणून दिले. बियाण्याला हात लागला नाही.

मला काय हवंय हे आण्णांनी सगळ्यांत शेवटी विचारलं, पण विचारलं. मी लातूर म्हणाले. पहिले कितीतरी महिने इंग्रजीतलं फिजिक्स डोक्यावरून गेलं, आणि रविवारी काकूंच्या धपाट्यांवर मी मनसोक्त रडले.

पुढच्या दोन हंगामांत तुरीच्या पट्टीतून ती उचल कापून गेली. व्याज लावलं नव्हतं. आण्णांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी ज्वारीचं एक पोतं लातूरच्या एसटीच्या टपावर चढवलं. आता आण्णा नाहीत, ती आडतही बंद झाली. ज्वारी मात्र दर सुगीला मीच पोचवते, आणि काकू दर वेळी पोतं हातानं दाबून, “औंदा कमी भरलं गं,” म्हणतात.